कोल्हापुरात खरेदी करताय? आधी वस्तू उलटी करून बघा

आमचं घर कोल्हापुरात. त्यामुळे वर्षातून आठ-दहा वेळा तरी कुणी ना कुणी पाहुणा येतो, अंबाबाईचं दर्शन घेतो, तांबडा-पांढरा ओरपतो आणि परतीच्या गाडीला दोन तास उरले की म्हणतो, "चला, आता चपला घेऊन टाकू." घेऊन टाकू! माझ्या मेहुण्यानं अशाच एका घाईत देवळाजवळच्या एका टपरीवरून जोड घेतला. दिसायला देखणा, गोंडा लालचुटूक. तीन आठवड्यांनी नागपुरात पहिला पाऊस पडला, टाच सुटली आणि आतून पुठ्ठा निघाला. बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा होता, त्यावरची छापील अक्षरंही वाचता येत होती. त्यानं फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "तुमचं कोल्हापूर." तेव्हापासून पाहुण्यांबरोबर मी स्वतः जातो आणि दुकानात पाय ठेवण्याआधी एकच गोष्ट सांगतो: वरून कितीही छान दिसू दे, वस्तू हातात घ्यायची आणि उलटी करायची. चप्पल असो, साज असो की घोंगडी, खरं काय ते मागच्या बाजूला असतं.

खरेदी पहिल्याच दिवशी सुरू करा

दोन दिवसांचा मुक्काम असेल तर पहिल्या संध्याकाळी बाजार बघून घ्या. फक्त बघा, भाव विचारा, हात लावा. मापाचा जोड करून घ्यायचा असेल तर त्याच दिवशी सांगून टाका, कारण चांगला कारागीर "उद्या देतो" म्हणत नाही. चार-आठ दिवस मागतो आणि तयार झाला की कुरिअरनं पाठवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन उरकून दुकानं उघडल्या उघडल्या गेलात तर दुकानदाराला बोलायला वेळ असतो. मंगळवार, शुक्रवार, रविवार, नवरात्र आणि चैत्रातली जोतिबाची यात्रा या दिवसांत महाद्वार रोडवर चालायलाच जागा नसते, तिथं तळ कोण दाखवणार? नोव्हेंबर आणि जानेवारीअखेर किरणोत्सवाच्या, म्हणजे मावळतीची किरणं देवीवर पडतात त्या, संध्याकाळीही तीच गत.

देवळापासून सगळं पायी अंतरावर आहे. भवानी मंडप, महाद्वार रोड, सराफांची गुजरी आणि शिवाजी चौकाच्या आसपासची चप्पल लाईन. गाडी लावायचं बघा आणि चाला. कुणी आपणहून "चला, स्वस्तातलं दुकान दाखवतो" म्हणत पुढं झाला, तर त्याचा वाटा तुमच्याच बिलात येणार हे धरून चाला.

चप्पल: तळ, कड, वेणी, मग भाव

दुकानात शिरल्यावर आधी भाव विचारू नका. "मामा, पूर्ण चामड्याची दाखवा, तळासकट" असं म्हणा. या दोन शब्दांनी, "तळासकट" आणि "पूर्ण", दुकानदाराला कळतं की गिऱ्हाईक नुसतं फोटो काढायला आलेलं नाही. कारण वरचा पट्टा चामड्याचा, आतला थर पुठ्ठ्याचा आणि खाली रबर अशीही चप्पल असते आणि "लेदरची आहे का?" या प्रश्नाला तिच्याबद्दलही "होय" असंच उत्तर येतं. ते अगदी खोटंही नसतं.

मग जोड उलटा करा. अस्सल कोल्हापुरीला खिळा नसतो. तळाचे थर चामड्याच्याच बारीक वादीनं शिवलेले असतात आणि ती शिवण खालून दिसते. टाके हाताचे असतात, म्हणजे सगळे एका मापाचे नसतात. एखादा लांब, एखादा आखूड. कडेनं सारखी, बारीक, नायलॉनच्या दोऱ्याची शिवण दिसली तर ते मशीनकाम आहे. ते वाईटच असं नाही, पण त्याला हातकामाचा भाव देऊ नका.

हल्ली बऱ्याच दुकानांत तळाला खाली रबराचा पातळ थर लावून देतात. फरशीवर घसरत नाही, झिजत नाही, पावसाच्या ओलीतून वाचते. मुंबई-पुण्याच्या माणसाला मी तोच घ्या म्हणतो. फक्त मग तळ झाकला जातो, म्हणून कड बघायची. बाजूनं टाचेकडं नीट नजर लावा. चामड्याचे थर असले तर कड किंचित केसाळ, तंतू असलेली दिसते आणि रंग थराथराला थोडा वेगळा लागतो. सगळी कड एकसारखी गुळगुळीत, रंगाचा जाड हात मारलेली असेल तर नखानं हळूच खरवडून बघा. पुठ्ठा असला तर लगेच भुगा निघतो.

पुढची परीक्षा वाकवण्याची. पंजाच्या जागी जोड वाकवा आणि सोडा. चामडं वाकताना कुरकुरतं, वर बारीक सुरकुती येते आणि सोडल्यावर सावकाश सरळ होतं. रेक्झीन झटकन परत येतं आणि वळणावर पांढरी रेघ पडते. वासही घ्या. नाकाला लावला म्हणून कुणी हसणार नाही, इथं सगळे तेच करतात. या चपलांचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात, म्हणून वास तुरट, मातकट असतो. रसायनाचा झणका किंवा रंगाचा उग्र दर्प आला तर ठेवून द्या. काडी पेटवून चामडं तपासायचा उपाय व्हिडिओंमध्ये सांगतात, तो कृपा करून दुकानात करू नका. एका पाहुण्यानं लायटर काढला होता. दुकानदारीण म्हणाली, "दादा, आधी पैसं द्या, मग सगळं दुकान पेटवा की." बरोबरच होतं तिचं.

आता वेणी. पट्ट्यावरची ती बारीक गुंफण, कडेची नक्षी, पट्ट्याची शिवण हे काम बहुतेक घरांत बायका करतात आणि तळ कापणं, ठोकणं पुरुष. शहरात सुभाषनगर आणि जवाहरनगर भागात ही घरं आहेत. ओळखीनं तिथं जाता आलं तर जरूर जा. मी एकदा एका घरात अर्धा तास नुसता बसून होतो. मांडीवर लाकडी फळी, हातात आरी, आणि त्या मावशी टीव्हीवरची मालिका बघत बघत न पाहता वेणी घालत होत्या. बोट चाचपून पुढचं भोक शोधायचं, वादी ओवायची, ओढायची. पाच पदरी वेणी एका पट्ट्याला जेवढा वेळ घेते, तेवढ्या वेळात टपरीवरचे चार जोड विकले जातात. म्हणून वेणी खरी आहे की नुसता ठसा मारलाय हे बघा. ठशाची वेणी उलट बाजूनं सपाट असते. खऱ्या वेणीच्या मागं पदरांची उंच-सखल जाणवते.

प्रकार बरेच आहेत. कापशी, कुरुंदवाडी अशी काही गावांवरून पडलेली नावं ऐकू येतील. कापशीला मोठे कान, म्हणजे तळाच्या दोन्ही बाजूंना निघालेले चामड्याचे पंख, आणि भरगच्च काम, लग्नात धोतर-फेट्याबरोबर शोभते. रोज ऑफिसला घालायची असेल तर कान लहान, तळ पातळ अशी घ्या. जाड तळाची वजनदार चप्पल दुकानात दोन पावलं टाकताना रुबाबदार वाटते, लोकलच्या जिन्यात नको होते. करकर वाजणारी हवी असेल तर ते आधीच सांगून करून घ्यावं लागतं, तयार जोडात तो आवाज नंतर भरता येत नाही.

माप संध्याकाळी द्या, चालून चालून पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा. लांबी नेमकी हवी, टाच बाहेर यायला नको. पट्टा आणि अंगठा मात्र थोडे घट्टच घ्या. चामडं पायाच्या आकारावर बसतं, आठवड्याभरात सैल होतं. दुकानात सैल असलेली चप्पल महिन्याभरात फटक-फटक करत पुढं पळते. दोन्ही पायांत घाला, कारण हातकामात डावा-उजवा केसभर वेगळा निघतो. घरच्या माणसासाठी नेत असाल तर त्याचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखून आणा, तेही उभं करून. बुटाचा नंबर सांगून घेतलेल्या निम्म्या चपला आमच्याच माळ्यावर पडल्या आहेत.

भावाचं म्हणाल तर तीनशे रुपयांत पूर्ण चामड्याचा हातशिवणीचा जोड मिळत नाही, कुणी काहीही सांगो. साधा, चांगला जोड हजाराच्या आसपास जातो आणि वेणी, कान, काम वाढेल तसा दोन-तीन हजारांपुढं. चामडंही महागलंय. 2015 साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांपर्यंत वाढला, तेव्हापासून बैलाचं कातडं मिळणं अवघड झालं आणि तळाला मुख्यतः म्हशीचंच वापरतात. घासाघीस करा, इथं कुणी वाईट मानत नाही, पण शंभर-दीडशेची. निम्म्यावर या म्हटलं आणि दुकानदार आनंदानं निम्म्यावर आला, तर आनंद तुम्हाला व्हायचं काही कारण नाही. दोन-तीन जोड एकदम घेत असाल तर मात्र हक्कानं मागा.

"जीआय आहे का?" हा प्रश्न आता सगळेच विचारतात. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते एकट्या कोल्हापूरचं नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं आहे. त्यामुळे "अथणीचा माल आहे" असं कुणी सांगितलं तर नाक मुरडू नका. अथणी बेळगाव जिल्ह्यातलं, तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात, आणि कोल्हापूरच्या दुकानांतला कितीतरी माल सीमेपलीकडून येतो. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला श्रेय न देता मांडल्या, त्यावरून गदारोळ झाला, तेव्हापासून पर्यटकांची चौकशी फार वाढली. त्याच वर्षी आपल्या चर्मोद्योग महामंडळानं, म्हणजे लिडकॉमनं, जोडावर क्यूआर कोडची सोय आणली. मोबाइलनं कोड वाचला की कारागीर कोण, कच्चा माल कुठला हे कळतं. कोड असेल तर उत्तमच. नसेल तरी जोड उलटा करून बघायला तुमचे हात आहेत.

घरी नेल्यावरचं दोन ओळींत. पहिल्या दिवशी पट्ट्याच्या आतल्या बाजूला खोबरेल किंवा एरंडेलाचा बोटभर हात फिरवा, रात्रभर राहू द्या आणि घरातल्या घरात अर्धा-अर्धा तास घाला. नवी चप्पल थेट लग्नात घालून गेलात तर पंगतीत अनवाणी बसाल. पावसात नको. भिजलीच तर पुसून सावलीत वाळवा, उन्हात किंवा हीटरपुढं ठेवली की कडक होऊन तडकते. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका, बुरशी धरते. वर्तमानपत्रात गुंडाळा.

साज: लाख आणि सोनं वेगळं मोजा

साज घ्यायचा तर गुजरीत. आणि साज म्हणजे नेमकं काय हे माहीत करून मगच पायरी चढा. साज हा गळ्यातला दागिना, आणि परंपरेनं त्याला 21 पानं, म्हणजे छोटी पदकं, सांगतात. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक आणि पाचूची आणि शेवटचं डोरलं. चंद्र, कमळ, मासा, कासव, शंख, बेलपान, कारलं, भुंगा अशी पानांची नावं. एकवीसच्या एकवीस पानं आता क्वचित दिसतात, दहा-बारांवर भागवतात. कोणती पानं हवीत हे सांगून निवडता येतं. माझ्या बहिणीनं कासव हट्टानं घालून घेतलं, का ते तिनं आम्हाला अजून सांगितलेलं नाही.

इथंही उलटं करायचंच. साजाचे मणी आणि पानं बहुधा भरीव नसतात. वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. म्हणूनच दागिना भरदार दिसतो आणि मानेला हलका लागतो. ही फसवणूक नाही, हीच पद्धत आहे. पण काट्यावर ठेवलेलं वजन लाखेसह असतं. तेव्हा तीन आकडे वेगवेगळे लिहून घ्या: एकूण वजन, लाख वजा करून सोन्याचं वजन आणि घडणावळ. "सगळं मिळून इतकं" असं बिल घेऊ नका. पुढं कधी मोड घालायची वेळ आली तर तुमच्याजवळचा हा एक कागद बोलतो. हॉलमार्कचा सहा अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक, एचयूआयडी, 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचा आहे. भिंगातून तो बघा, बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका आणि आलेली माहिती हातातल्या दागिन्याशी जुळते का ते तिथंच ताडून पाहा. 22 कॅरेटला 916 लिहिलेलं असतं.

गाठवणं कसं आहे तेही पाहा. मणी-पानं ओवून, गाठी मारून साज बांधायचं काम पटवेकरी करतात. मागून गाठी एकसारख्या, घट्ट आणि मऊ हव्यात, टोचायला नकोत. हा दोरा काही वर्षांनी बदलावा लागतो. जुना साज गाठवून घ्यायचा असेल तर तोही घेऊन या, कोल्हापूरला यायचं ते एक चांगलं निमित्त आहे. लाख असल्यानं साज गरम पाण्यात घालायचा नाही आणि घरी आगीजवळ उजळवायला बसायचं नाही.

सोन्याचं बजेट नसेल तर वन ग्रॅम किंवा बेंटेक्सचा साज महाद्वार रोडवर मुबलक आहे. नातेवाइकांना द्यायला तो छान. फक्त फासा आणि कडी मागून बघा, तिथलाच मुलामा आधी उडतो. चांदीचं काही हवं असेल तर हुपरी जवळच आहे, हातकणंगले तालुक्यातलं गाव, घरोघर पैंजण घडवणारं. चांदीच्या बाबतीत "टंच किती?", म्हणजे चांदी किती शुद्ध, हा प्रश्न विसरू नका. घुंगरू आणि सांध्याच्या डाखासकट वजन असतं आणि मोड देताना हिशोब टंचावर होतो.

घोंगडी, कुणी विचारत नाही ती

पाहुण्यांच्या यादीत घोंगडी कधीच नसते आणि माझ्या मते कोल्हापूर भागातून नेण्यासारखी सगळ्यात खरी वस्तू तीच. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, सनगर विणकरांचा हातमाग. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेच्या वेळी गेलात तर पिवळ्याधमक भंडाऱ्यात उभ्या माणसांच्या खांद्यावर ती दिसेल. विणून झाली की चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ असते. ती तशीच हवी. मऊ, गुळगुळीत, भडक रंगाची "घोंगडी" ही बहुतेक गिरणीतल्या सुताची चादर असते. खरी काळी, करडी किंवा पांढरी, मेंढीच्या अंगची. दोन्ही बाजू सारख्या, टोचणारी आणि मेंढराचा वास असलेली. तो वास दोन-तीन उन्हं दिल्यावर कमी होतो, पूर्ण जात नाही, आणि ज्याला अजिबात चालत नाही त्यानं घेऊ नये. कोकराच्या पहिल्या लोकरीची, जावळाची घोंगडी सगळ्यात मऊ आणि सगळ्यात महाग. शंका असेल तर सुटा धागा मागून घ्या आणि बाहेर येऊन पेटवा. केस जळाल्याचा वास आला आणि चुरगळणारी राख राहिली तर लोकर. वितळून गोळी झाली तर नायलॉनच्या जातीचं काही तरी.

गूळ आणि चटणी

ही हस्तकला नव्हे, पण पिशवीत जाणारच. कोल्हापूरच्या गुळाला 2014 पासून जीआय आहे. पिवळाजर्द, चकचकीत गूळ टाळा, तो रंग बहुधा हायड्रोस पावडरीचा. तांबूस-तपकिरी घ्या आणि कोपऱ्याचा खडा चाखा, खारट लागायला नको. दिवाळीनंतर उन्हाळा लागेपर्यंत गुऱ्हाळं चालू असतात, तेव्हा थेट तिथून काकवीची बाटलीही मिळते. झाकण घट्ट लावून, वर प्लॅस्टिक बांधून न्या, मी एकदा गाडीची डिकी धुतली आहे. चटणी, म्हणजे बाहेरच्यांच्या भाषेत कांदा-लसूण मसाला, लक्ष्मीपुरीत किंवा एखाद्या घरगुती बाईकडून घ्या. पाकीट हातात घेऊन उलटं करा आणि तळाशी तेल उतरलंय का बघा. ताजी चटणी ओलसर असते.

बांधाबांध

विमानानं जाणार असाल तर चपला आणि घोंगडी मोठ्या बॅगेत, साज अंगावर किंवा हातातल्या पर्समध्ये बिलासह, काकवी चुकूनही हातातल्या बॅगेत नाही. ऑस्ट्रेलियातल्या भाचीला घोंगडी नेणार असाल तर तिथं लोकर आणि कातड्याच्या वस्तू फॉर्मवर जाहीर कराव्या लागतात. वापरलेल्या चपलांच्या तळाची माती आधी खरवडून काढा.

आणि निघताना चप्पलवाल्याचा नंबर घ्या. दीड-दोन वर्षांनी टाच झिजते, अंगठ्याची वादी सैल होते आणि नव्या जोडापेक्षा दुरुस्ती कितीतरी स्वस्त पडते. मेहुण्याला मी मागच्या दिवाळीत सुभाषनगरातून जोड करून पाठवला. खोकं उघडल्यावर त्यानं पहिला फोटो पाठवला तो तळाचा.